‘तुरा’ची दुसरी कॅसेट

१२ जानेवारी २०२५, रविवार

वायर कंपनीकडून येणारी डायरी दरवर्षी माझ्या मोटारी गुंडाळायच्या दुकानात जळक्या मोटारींचे नंबर टिपायला जाते. यंदाची घरी आणली. आज जे घडलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

सकाळी साडेनऊला साताऱ्याहून एका मुलीचा फोन आला. नाव पल्लवी पुकळे, मूळची म्हसवडची. “तुम्ही ‘तुरा’ बँडचे रामगोंडा चौगुले का?” असं तिनं विचारलं. बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो.

जुन्या मराठी बँडांनी स्वतःच्या जिवावर काढलेल्या कॅसेट ही मुलगी शोधते आणि त्यांच्या काळ्या तबकड्या काढते. दोन बँडांच्या काढून झाल्यात. आता आमची काढायची म्हणते. आमच्या कॅसेट दोनच, तबकडीच्या एका बाजूला पहिली, दुसऱ्या बाजूला दुसरी. तीनशे प्रती. आमच्या ‘दारं धर’ गाण्याचा दीड मिनिटाचा तुकडा कुणीतरी गाडीतल्या टेपवरून फोनमध्ये घेऊन इंटरनेटवर टाकलाय. हे कोण, कुठले, असं लोक विचारतायत म्हणे.

तिला तीन गोष्टी हव्यात. दोन्ही कॅसेटच्या स्वच्छ प्रती, परवानगीच्या कागदावर तिघांच्या सह्या, आणि सगळा इतिहास सांगणारा माणूस. तिसरी गोष्ट तर मीच आहे. सह्या म्हणजे दोन दिवसांचं काम. अडचण प्रतींची. पहिली कॅसेट आम्ही तीनशे काढली होती, दुसरी दोनशे. माझ्याकडच्या प्रती आणि स्टुडिओतली मोठी टेप, दोन्ही २०१९ च्या पुरात दुकानाबरोबर गेल्या.

तरी मी तिला सांगून टाकलं, मार्चअखेर सगळं हातात देतो. जे मी मनावर घेतो ते होतंच.

माझी बायको चंदना आतून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, “जोतीराम भावजींनाबी विचारणार न्हवं?”

विचारणारच की. त्यात काय एवढं.

१३ जानेवारी

पल्लवीला द्यायचा इतिहास आधी इथं लिहून बघतो.

१९८८ साली आम्ही तिघं सांगलीत इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर एका खोलीत होतो. मी इथलाच, पण घरी अभ्यास होत नाही असं वडिलांना पटवून तिथं राहिलेलो. जोतीराम धनावडे मेढ्याचा. धनाजी उंब्रजचा. मी गिटार वाजवायचो आणि गायचो. जोत्या कीबोर्ड, धन्या ड्रम. अँप्लिफायर मी स्वतः बांधला, त्याचा ट्रान्सफॉर्मर मी हातानं गुंडाळला होता. आमचं रॉक डोकं उठवणारं नव्हतं. ऐकून घरी जाताना माणसाला गुणगुणता यावं असं होतं. उसाला तुरा येतो तो बघून ‘तुरा’ हे नाव मीच सुचवलं.

पहिली कॅसेट १९९१. दुसरी १९९३. त्याच वर्षी साताऱ्यात कार्यक्रम होता. ‘दारं धर’ चालू असताना जोत्यानं मध्येच कीबोर्ड बंद केला आणि स्टेजवरून उतरून निघून गेला. कारण सांगितलं नाही. नंतर बँड राहिला नाही. कलावंत माणसं हळवी असतात, त्याला इलाज नाही.

हे एवढं पुरेसं आहे.

१९ जानेवारी, रविवार

मिरजेत पहिली कॅसेट मिळाली. आम्ही ज्यांच्या परसात सराव करायचो त्या तंबोरे करणाऱ्या मिस्त्रींकडे असणार, असा माझा अंदाज होता. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. तंबोऱ्याच्या भोपळ्यांचे रंग ठेवायच्या कपाटातून त्यांनी ती काढून दिली, अगदी नव्यासारखी. “तुमचा दंगा ऐकवत न्हवता, पण पोरं गुणी हुती,” म्हणाले.

पल्लवी साताऱ्याहून आली होती. एकोणतीस वर्षांची, बारीक अंगाची, बोलणं थोडं आणि नेमकं. तिनं कॅसेटवरचं कार्ड उजेडात धरलं. शब्द आणि संगीत: रामगोंडा चौगुले. साथ: जोतीराम, धनाजी. गणपती पेठेत छापून घेतलं होतं, अजूनही अक्षरं कशी ठसठशीत आहेत.

“साथ म्हणजे काय, काका?” तिनं विचारलं.

तेव्हा असंच लिहायची पद्धत होती, एक नाव पुढं असलं की लोकांच्या लक्षात राहतं, असं मी समजावलं. मग तिनं ‘दारं धर’ची चाल कशी सुचली ते विचारलं. मी सांगितलं की वडिलांबरोबर उसाला पाणी द्यायला गेलो होतो, सरीची दारं मोडून बांधत होतो, विहिरीवरच्या मोटारीचा पट्टा एका लयीत वाजत होता, त्यातून. ती भराभर लिहून घेत होती. छान झालं सांगणं.

घरी येऊन चंदनाला ते सगळं ऐकवलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “लग्न झालं तवा एसटीत सुचली म्हणाला हुता.”

गाण्याचं असं एकच ठिकाण नसतं. तिला ते कळायचं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

उंब्रजला जाऊन आलो. धनाजीचं हायवेच्या कडेला हॉटेल आहे. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून तो वडिलांच्या हॉटेलात बसला, तो आजतागायत. पोट सुटलंय, पण गल्ल्यावर बोटं तशीच वाजतात. मला बघून त्यानं आत ओरडून सांगितलं, एक मिसळ बिनकांद्याची, बटाटा काढून. मी जैन आहे हे इतक्या वर्षांत विसरला नाही.

दुसऱ्या कॅसेटची त्याच्याकडे नुसती डबी आहे, कार्डासकट. आतली कॅसेट जीपमध्ये वाजवून वाजवून संपली. इंटरनेटवरचा तुकडा तिच्यातलाच निघाला. त्याच्या भाच्यानं टाकला होता.

“जोत्याकडं असंल,” धनाजी म्हणाला. “त्यानं एक ठेवल्याली.”

मी सहीचा कागद पुढं केला. त्यानं वाचला, घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवला.

“जोत्याची सही आन गड्या. त्याखाली माझी घे. त्याच्या आदी न्हाई.”

धन्या कागदाला पहिल्यापासून भितो. कॉलेजात परीक्षेचा अर्जसुद्धा मीच भरून द्यायचो.

८ फेब्रुवारी

मेढ्याला जायचं होतं, पण वाळव्याहून तीन मोटारी आल्या. उन्हाळ्याच्या तोंडावर शेतकऱ्याला थांबवता येत नाही.

१५ फेब्रुवारी

आजही राहिलं. मेढ्याचा रस्ता खराब आहे असं कळलं. कुणाकडून कळलं, असं चंदनानं विचारलं. सगळ्याच गोष्टी कुणाकडून तरी कळाव्या लागतात असं नाही.

पल्लवीचा मेसेज: “काका, जोतीराम सरांना मी फोन करू का?” मी नको म्हणालो. आमचं बोलणं आम्हीच बोललेलं बरं.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेलो एकदाचा. रस्ता चांगला होता.

जोतीराम झेडपीच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी मुदतीआधीच निवृत्त झाला. इंजिनिअरिंग पुरं करूनही मास्तर का झाला, ते मला कधी कळलं नाही. घर मेढ्याच्या वरच्या अंगाला आहे, पुढं अंगण, बाजूला भाताच्या पेंढ्याची गंजी. तो अंगणात पाठमोरा बसून फवारणीचा पंप धूत होता. मी फाटकातून हाक मारली, जोत्या. वळला नाही. पुन्हा मारली, मोठ्यानं. तरी नाही. मी तसाच उभा. शेवटी त्याची बायको शालन वहिनी बाहेर आल्या, त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा कुठं साहेबांनी मान वळवली.

आत टीव्ही एवढा मोठा लावला होता, जणू मला बोलायची संधीच द्यायची नव्हती. वहिनींनी तो बंद केला. मी तबकडीचं सगळं सांगितलं. पल्लवी कोण, किती प्रती, काय काय. तो सारा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता, माझं खोटं कुठं सापडतं ते शोधत असल्यासारखा. मध्येच मान तिरकी करायचा. मी दुसऱ्या कॅसेटचं विचारलं. “बघतो,” म्हणाला. सहीचं विचारलं. “जेवून जा,” म्हणाला.

प्रश्न एक, उत्तर भलतंच. मला त्यातला टोमणा कळतो.

जेवण चांगलं होतं. हुलग्याचं पिठलं, भाकरी, ठेचा, कशातही कांदा-लसूण नाही. निघताना गाडीतून हॉर्न दिला. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. वहिनींनी हात केला.

बत्तीस वर्षं माणूस राग धरून बसतो म्हणजे कमाल आहे. मी माझ्या बाजूनं गेलो, बोललो, मोकळा झालो. पल्लवीला सांगतो की पहिल्याच कॅसेटवर भागव.

२६ फेब्रुवारी

दुपारी शालन वहिनींचा फोन आला. वाक्यं जशीच्या तशी लिहितो.

“भावजी, तुमी रागावून गेला का? ह्यांना डाव्या कानानं कायबी ऐकू येत न्हाई. उजव्यानं थोडं येतं, ते बी तोंड बघून. मशीन घेतलंय पर घालत न्हाईत. त्यातनं गाणं पत्र्यावर खडं पडल्यावानी लागतं म्हणत्यात. तुमी आला म्हणून लय खूश हुते.”

शाळेतल्या शेवटच्या वर्षांतच ते सुरू झालं. माझी निम्मी वाक्यं त्याला कळलीच नव्हती आणि मला ते सांगायला त्याला लाज वाटली. मी गेल्यावर वहिनींनी सगळं पुन्हा ओठ हलवून सांगितलं. कॅसेट सापडली आहे. घेऊन जा म्हणाला.

तीन दिवसांपूर्वीचं पान फाडणार होतो. राहू दे. लिहिलं ते लिहिलं.

९ मार्च, रविवार

आजचं नीट लिहिलं पाहिजे.

पल्लवीला साताऱ्यातून घेतलं आणि मेढ्याला पोचलो. फोटोसाठी म्हणून गिटार बरोबर घेतली होती. जोतीरामनं कॅसेट आधीच टेबलावर काढून ठेवली होती. पल्लवीनं आपलं मशीन जोडलं आणि दुसरी कॅसेट लावली. इतका स्वच्छ आवाज मी तेव्हाही ऐकला नव्हता. माझी गिटार, धन्याचा हात, आणि खाली जोत्याचा कीबोर्ड, विहिरीच्या तळाशी झरा असावा तसा. पल्लवीचे डोळे भरून आले. जोतीराम आमच्या तोंडाकडे बघून काय चाललंय ते समजून घेत होता.

शेवटचं गाणं ‘दारं धर’. दोन कडवी झाली, मधला वाजवायचा तुकडा सुरू झाला आणि एकदम एक लहान पोर बोलायला लागलं. बे एके बे, बे दुणे चार. चाळीस सेकंद. बे दाही वीस झाल्यावर पुन्हा तिसरं कडवं.

शालन वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्यांची मुलगी नंदा, हे भरलं गेलं तेव्हा पाच वर्षांची. टेपचं लाल बटण तिनं दाबलं असणार. आम्ही कोऱ्या कॅसेटवर स्वतः प्रती काढल्या होत्या आणि मागच्या खिट्ट्या मोडायच्या राहिल्या होत्या. खिट्टी शाबूत असली की वरून काहीही भरता येतं.

जोतीरामला काय झालं ते वहिनींनी समजावलं.

पल्लवी म्हणाली, “काका, चाल तुमचीच आहे. तो तुकडा तुम्ही आज वाजवा, मी मध्ये जोडून घेते.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गिटार घेतली. दुसऱ्या कडव्यापर्यंत हात आपोआप गेला. तिथून पुढं बोटं एकदा खाली गेली, एकदा वर, दोन्हीकडे काही नव्हतं. तीनदा केलं. तारा जुन्या आहेत असं म्हणालो. जोतीरामला माझं वाजवणं ऐकू येत नव्हतं, पण तो माझ्या बोटांकडे बघत होता आणि बोटं काय करतायत ते त्याला समजत होतं. तो काहीच बोलला नाही. तो काही बोलला असता तर मी आणखी एखादं कारण सांगितलं असतं.

मी गिटार खाली ठेवली आणि पल्लवीला म्हणालो, “मला हा तुकडा येत नाही. कधीच येत नव्हता. चाल याची आहे. दोन्ही कॅसेटमधल्या सगळ्या चाली याच्या आहेत. शब्द तेवढे माझे.”

ती काही लिहीत नव्हती. आणि जोतीराम पुढं वाकून म्हणाला, “काय म्हणला?”

त्याला ऐकू गेलं नव्हतं.

एकदा बोललो होतो ते कसं बोललो ते माझं मला माहीत. आता तेच पुन्हा म्हणायचं होतं. मी उठून त्याच्या उजव्या बाजूला गेलो आणि ओरडून म्हणालो, “चाली तुझ्या हाईत! कार्डावर मी खोटं छापलं!” समोरच्या घरातली बाई ओसरीवर आली. रस्त्यानं जाणारे दोघं थांबले. मला वाटतं निम्म्या मेढ्यानं ऐकलं.

जोतीराम माझ्या ओठांकडे बघत होता. मग म्हणाला, “व्हय.” आणि वळून, “शालन, पेटी काढ.”

हार्मोनियम निघाली. त्यानं तो तुकडा वाजवला, एक स्वर न चुकता, स्वतःला न ऐकता. मला बाजूला बसवलं आणि कुठल्या बोटानंतर कुठलं बोट ते दाखवलं. मास्तर आहे तो. पोरांना शिकवावं तसं शिकवलं मला, चुकलं की हातावर टिचकी.

१० मार्च

१३ जानेवारीला मी इतिहास लिहिलाय, तो अर्धा आहे.

पहिली कॅसेट आल्यावर जोतीरामनं एकच मागितलं होतं. “दुसऱ्या कार्डावर संगीत म्हणून माझं नाव घाल.” मी हो म्हणालो होतो. नवं कार्ड तयारही झालं. छापखान्यात गेल्यावर मी ते बदललं आणि जुनंच ठेवायला सांगितलं. जोत्याला म्हणालो, छापणाऱ्यानं घोळ घातला. मग साताऱ्याच्या स्टेजवर माइक हातात घेऊन मी सांगितलं की आता माझी स्वतःची चाल ऐका. तिथं तो उतरला. कारण सांगितलं नाही, कारण ते मला माहीत होतं.

का केलं ते आज विचार करूनही नीट सांगता येत नाही. चाल कशी सुचली असं लोक विचारायचे आणि मला ते फार आवडायचं. शब्द कसे सुचले असं कोणी विचारत नाही.

चंदनाला सगळं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. याचा मला थोडा रागच आला.

१६ मार्च, रविवार

चाळीस सेकंदांसाठी तिघं बत्तीस वर्षांनी एकत्र. धनाजी हॉटेल भाच्यावर सोडून आला. मेढ्याच्या शाळेनं आपल्या निवृत्त मास्तरांसाठी सभागृह दिलं. कीबोर्ड पल्लवीनं साताऱ्यातून आणला.

जोतीराम धनाजीच्या समोर बसला. त्याच्या काठीकडे बघून लय धरायची असं त्यांनी आपापसात ठरवलं, मला विचारलं नाही. अकरा वेळा वाजवावं लागलं. त्यातल्या नऊ वेळा चूक माझी. दर वेळी धन्या काठी वर करून म्हणायचा, “चौगुले, परत.” अकराव्या वेळी ते झालं. झालं ते कोणाला सांगावं लागलं नाही. जोतीरामनंही बोटं उचलली ती शेवटच्या ठोक्याला नेमकी.

पाढ्यांचा तुकडा पल्लवी फेकून देणार नाही. तबकडीच्या अगदी शेवटी, गाणी संपल्यावर ठेवते म्हणाली. नंदाला पुण्याला फोन करून विचारलं. ती हसत सुटली.

सह्या झाल्या. आधी जोतीराम, मग धनाजी, मग मी. मार्चअखेर म्हणालो होतो, पंधरा दिवस आधी दिलं.

१४ जून, शनिवार

तबकड्या आल्या. तीनशेतल्या दोनशे अकरा आधीच मागवलेल्या आहेत. पल्लवी म्हणते उरलेल्या महिन्यात जातील. मला वाटतं पंधरा दिवसांत.

मागं लिहिलंय, संगीत: जोतीराम धनावडे. शब्द: रामगोंडा चौगुले. ड्रम: धनाजी. हा मजकूर मीच पाठवला होता. माझं नाव लहान छापलंय असं वाटून पट्टीनं मोजलं. तिघांची अक्षरं सारखी आहेत.

मेढ्याला एक प्रत घेऊन गेलो. हाक मारली नाही, सरळ समोर जाऊन उभा राहिलो. जोतीराम आता उजव्या कानात मशीन घालतो, बोलण्यापुरतं. त्यानं मागची बाजू वाचली. पुन्हा वाचली. बोट फिरवलं. मग विचारलं, “आवाज कसा आलाय?”

चांगला, असं मी म्हणालो.

“खरं सांग.”

मी खरं सांगितलं. आपण नवीन वाजवलेल्या जागी माझी गिटार किंचित घाई करते.

“हां,” तो म्हणाला. “तू कायम घाईच केलीस रं.”

मग दोघंही हसलो. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या, काय झालं म्हणून बघायला.

२९ जून, रविवार

शालन वहिनींनी फोनवर एक आवाज पाठवलाय. दोन मिनिटं दहा सेकंद. नुसती पेटी. सुरुवातीला त्यांचा आवाज, “वाजवा आता,” आणि मग चाल. जुनी नाही. मी कधीच ऐकलेली नाही. अर्ध्यात एका जागी ती अशी काही वळते की मी दुकानात उभ्या उभ्या पुढचा ग्राहक विसरलो.

खाली जोतीरामचा मेसेज होता. शब्द हाईत का.

एवढंच.

बारा वाजता शटर ओढून घेतलं आणि काउंटरवर बसलो. चार वेळा ऐकलं. सहा ओळी लिहिल्या. चार खोडल्या.

दोन राहिल्या. चांगल्या आहेत.